दिवा, तार आणि वार्ता
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिक्षण, शिष्यवृत्त्या, वधू-वर मेळावा आणि ज्ञातिगृहाचा दुरुस्ती-फंड यांवर या संमेलनात दरवर्षी बोलण्याचा आपला प्रघात आहे. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस थोडा निराळा विषय नेमून दिला. घरोघरी बसू लागलेले विजेचे नवे मीटर आणि त्याच्या मागोमाग येणारी 'स्मार्ट' या नावाने ओळखली जाणारी सारी व्यवस्था, हा तो विषय. हा तर यंत्रशास्त्राचा प्रांत, असे म्हणून आम्ही प्रथम थोडे कचरलो. परंतु विचार करू लागलो तेव्हा आमच्या ध्यानी आले की, या किनाऱ्यावरील आपल्या वाड्या, आपली बंद घरे आणि त्या घरांतून एकटी राहणारी आपली वृद्ध माणसे यांच्याशी या विषयाचा फार जवळचा संबंध आहे.

अलिबागेचा आणि विजेचा पहिला संबंध मोठा मौजेचा आहे. मुंबईस कुलाब्याला एक चुंबकीय वेधशाळा होती. पृथ्वीच्या चुंबकत्वात होणाऱ्या सूक्ष्म फेरफारांची तेथे नोंद होत असे. मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले, तेव्हा त्या विजेच्या योगे वेधशाळेच्या नोंदी बिघडतील हे उघड झाले. तेथील संचालक डॉ. नानाभॉय मूस यांनी नव्या वेधशाळेकरिता अलिबाग निवडले. १९०४ साली येथे लोखंडाचा स्पर्श नसलेल्या इमारतीत काम सुरू झाले. काही काळ दोन्हीकडे नोंदी ठेवून त्यांचा मेळ घालण्यात आला आणि १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. आमचे गाव पसंत पडले ते येथे वीज नव्हती म्हणून! वेधशाळेस ही गोष्ट लाभदायक झाली. कंदिलाच्या काचा पुसणाऱ्या आमच्या आज्या-पणज्यांस ती तशी वाटली असेल किंवा नाही, हा प्रश्न निराळा.

पुढे घाटमाथ्यावर पाणी अडवून टाटांनी खोपोलीस १९१५ साली, भिवपुरीस १९२२ साली आणि भिऱ्यास १९२७ साली जलविद्युत्केंद्रे उभी केली. ही तिन्ही स्थळे याच जिल्ह्यातली, त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यातली. वीज आमच्या डोंगरपायथ्याशी उत्पन्न झाली आणि मोठमोठ्या मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. किनाऱ्यावरच्या गावांस तिची वाट पुढे कित्येक वर्षे पाहावी लागली. उरण तालुक्यातील घारापुरी बेटाचे उदाहरण तर अगदी अलीकडचे आहे. समोर मुंबईचा झगमगाट दिसत असता बेटावरील तीन वस्त्यांस संध्याकाळच्या काही तासांच्या जनित्रावर भागवावे लागे. समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून तेथे कायमची वीज पोहोचली, ती २२ फेब्रुवारी २०१८ रोजी.

हा इतिहास आम्ही तक्रार म्हणून सांगत नाही. मुंबईच्या गिरण्यांत आपलीच माणसे कामाला होती, आणि त्यांच्या पगारावर येथली घरे शाकारली गेली. परंतु तार कोठून निघते याइतकेच ती कोणासाठी ओढली जाते हे पाहणे महत्त्वाचे असते, एवढा बोध या इतिहासातून घ्यावयास हवा. काल प्रश्न विजेचा होता. आज वार्तेचा आहे, म्हणजे विजेबरोबर वाहू लागलेल्या माहितीचा आहे.

हे नवे मीटर करते तरी काय? जुने मीटर महिन्याचा आकडा दाखवी आणि माणूस येऊन तो टिपून नेई. नवे मीटर दर पंधरा मिनिटांचा किंवा अर्ध्या तासाचा वापर लक्षात ठेवते आणि तो मोबाइलच्या जाळ्यावरून किंवा मीटरामीटरांच्या आपसांतील बिनतारी साखळीवरून कंपनीच्या केंद्राकडे धाडते. वीज अकस्मात गेली, तर आत साठविलेल्या अल्पशा शक्तीवर ते 'येथे वीज गेली' असा एक शेवटचा संदेशही पाठवू शकते. कोणत्या डी.पी.वर किती भार आहे, कोठे गळती होते, कोणती वस्ती अंधारात आहे, हे कचेरीत बसून कळावे हा यामागील हेतू. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वीजवितरण सुधारणेची जी योजना काढली, तिच्यात देशभर २५ कोटी अशी मीटरे बसविण्याचे योजिले गेले. आपल्या राज्यात आगाऊ पैसे भरण्याच्या मीटरांस लोकांनी मोठा विरोध केला, तेव्हा सामान्य ग्राहकांस तशी मीटरे बसविणार नाही, असे सरकारने जून २०२४ मध्ये जाहीर केले. त्यानंतर महिनाअखेरीस बिल देणारी, परंतु वेळेनुसार वापर मोजणारी मीटरे बसू लागली. १ जुलै २०२५ पासून अशा मीटरच्या घरगुती ग्राहकांस सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील विजेवर सवलतही लागू झाली. विहिरीवरचा पंप, कपड्यांचे यंत्र, इस्त्री ही कामे दिवसा उरकणाऱ्या गृहिणीस त्यात दोन पैसे वाचतील, हे मान्य करावयास हवे.

परंतु कोणत्याही व्यवस्थेची परीक्षा चांगल्या दिवशी होत नसते. आपली परीक्षा ३ जून २०२० रोजी झाली. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाने अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यात तीन पिढ्यांनी जोपासलेल्या नारळी-पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. विजेचे खांब मोडले, तारा वाडीवाडीतून लोळू लागल्या. वीज गेली म्हणून मोबाइलचे मनोरे मुके झाले. आणि मनोरे मुके झाले म्हणून कोणता खांब कोठे पडला हे कंपनीच्या माणसांस कळेना. आंधळ्याने पांगळ्यास खांद्यावर घ्यावे, म्हणजे दोघेही मुक्कामास पोहोचतात, ही जुनी गोष्ट आपण ऐकली आहे. येथे दोघेही एकदमच खाली बसले! विजेस वार्ता हवी आणि वार्तेस वीज हवी, हे त्या दिवशी आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आपल्या ज्ञातीतील एक वृद्ध मावशी त्या वेळी आगरातल्या घरी एकट्या होत्या. मुलगा मुंबईस. टाळेबंदीमुळे जिल्हा ओलांडण्यास परवाना लागे. पाच दिवस त्याला आईची खुशाली कळली नाही. सहाव्या दिवशी शेजारच्या एका तरुणाने सायकलवरून दूर जाऊन, फोन लागेल अशी जागा शोधून, 'आई बरी आहे, कौले उडाली आहेत' एवढे दोन शब्द त्याच्या कानी घातले. हे पाच दिवस कसे गेले असतील, हे आपल्यापैकी अनेकांस सांगावयास नको, कारण त्यांचेही तसेच गेले. पुढे अन्य जिल्ह्यांतून आलेल्या वायरमन मंडळींनी भर पावसात खांब उभे केले. त्यांचे ऋण आपण विसरता कामा नये. तरीही काही वाड्यांत दिवा लागण्यास कित्येक आठवडे गेले.

यास्तव आमचे म्हणणे असे की, मीटरचे 'शहाणपण' आपण एकाच कसोटीवर घासून पाहावे. वादळाच्या रात्री ते आमच्या वाडीची वार्ता पोहोचवील काय? मनोरा बंद पडला, तर मीटरचा शेवटचा संदेशही घशातच अडकणार. म्हणून मीटरबरोबरच मनोऱ्यांस पुरेशी बॅटरी व डिझेल, आणि शक्य तेथे जमिनीखालून वाहिन्या, ही कामे व्हावयास हवीत. चक्रीवादळाचा धोका कमी करण्याच्या राष्ट्रीय प्रकल्पात अलिबाग शहरासाठी भूमिगत वाहिन्यांचे काम योजिले गेले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु खाडीकाठच्या वाड्यांचे काय, हे विचारणारे कोणी हवे. २०१५ साली निघालेल्या स्मार्ट शहरांच्या योजनेत देशातील शंभर शहरे निवडली गेली, त्यांत रायगड जिल्ह्यातील एकही नव्हते. जे यादीत नसतात त्यांनी अधिक जागरूक राहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट घराच्या गुपिताची. आपली निम्मी घरे गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंद असतात. अर्ध्या अर्ध्या तासाचा आकडा ज्याच्या हाती आहे, त्याला कोणते घर कधीपासून रिकामे आहे हे दाराशी न येता समजते. मुंबईत बसलेल्या घरमालकास ही सोय आहे, कारण बंद घरात वीज का जळते हे तो तेथूनच ओळखील. परक्याच्या हाती तीच माहिती पडली तर ती चोराची वाट होईल. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला आहे. आपल्या मीटरची माहिती कोण पाहतो, हे विचारण्याचा संकोच कोणी करू नये.

तिसरी गोष्ट हक्काची. बिल अवाच्या सवा आले, अशी तक्रार आपल्या सभांतून वारंवार ऐकू येते. मीटर काढून फेकण्याच्या गोष्टी बोलण्यापेक्षा नियम वाचणे अधिक उपयोगी आहे. वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम २०२० साली झाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांत सुधारणा झाली. तीनुसार, मीटर खऱ्या वापराशी जुळत नाही अशी तक्रार आल्यास कंपनीने पाच दिवसांत पडताळणीकरिता दुसरे मीटर लावावयाचे आणि निदान तीन महिने दोन्हींचा ताळा पाहावयाचा आहे. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. बोललेली तक्रार वाऱ्यावर जाते.

आता शेवटचे, आणि थोडे अप्रिय. ज्ञातिगृहाच्या दर्शनी भागास संगमरवर बसविण्याकरिता आपण तीन वर्षे निधी जमवीत आहोत. देणाऱ्यांच्या भावनेविषयी आम्हांस आदर आहे. तरीही आमची नम्र सूचना अशी की, त्यातील काही भाग ज्ञातिगृहाच्या छपरावर सौर पट्ट्या आणि खाली चांगली बॅटरी बसविण्याकडे वळवावा. वादळानंतर चार दिवस गावात दिवा नसला, तरी येथे चार दिवे जळतील, फोन भारले जातील आणि आजाऱ्याचे औषध थंड राहील. जात-पात न विचारता सर्व गावाने येथे यावे. पुढील वर्षापासून प्रत्येक वाडीतील दोन तरुणांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी ठेवावी, त्यांचे वीजबिल वाचून दाखवावे आणि वादळाची सूचना आली की त्यांच्या दारी जावे. सरकारने २०२३ पासून मोबाइलवर मोठ्या आवाजात वाजणाऱ्या आपत्कालीन सूचनेच्या चाचण्या घेतल्या. ती सूचना जिच्या हाती साधा फोनही नाही, त्या मावशीपर्यंत माणसानेच न्यावयाची आहे.

काही वडील मंडळी म्हणतील, संगमरवर पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, बॅटरी काही वर्षांतच संपेल. ते खरे आहे. परंतु त्या पाच दिवसांत आम्ही संगमरवराची आठवण काढली नव्हती. आम्हांस एक दिवा हवा होता, आणि दोन शब्दांची वार्ता हवी होती.

या सूचनेचा विचार सर्वसाधारण सभेने मोकळ्या मनाने करावा, अशी विनंती आहे.