अन्नाशी धरलेला अबोला
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला 'विद्यार्थी आणि आहार' हा विषय दिला होता. जीवनसत्त्वांची यादी वाचून मला मोकळे होता आले असते. बाराखडी शिकवण्यात जन्म गेलेल्या मास्तराला ते कठीण नाही. परंतु गेल्या दोन वर्षांत आमच्या घरी जे घडले ते बाजूस सारून आहारावर बोलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. माझ्या नातीची अनुमती घेऊनच मी हे सांगत आहे.

ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. दिवाळीत चार माणसांदेखत मी थट्टेने म्हणालो, "काय ग, फराळाचा सगळा डबा तुझ्याच अंगी लागलेला दिसतो!" सारे हसले, तीही हसली. एका वाक्याने असा आजार होतो असे डॉक्टर म्हणत नाहीत. अनुवंश, स्वभाव, वय अशी अनेक कारणे त्यामागे असतात. तथापि ते वाक्य माझ्या कानांतून अद्याप गेलेले नाही. तिने प्रथम गोड सोडले, मग भात, मग रात्रीचे जेवण. आम्ही तिच्या संयमाचे कौतुक केले! पुढे तिचे केस गळू लागले, मासिक धर्म थांबला, भर उन्हाळ्यात ती शाल पांघरून बसू लागली, तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले.

या आजारास ॲनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे लासेग या दोघांनी १८७३ साली त्याचे वर्णन केले. हे सारे मोबाइलचे खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी ते साल ध्यानात ठेवावे. नावाचा अर्थ भूक नाहीशी होणे असा आहे, आणि तो फसवा आहे. भूक असते, भीती तिच्यावर मात करते.

उपाशी शरीर मनाची काय दशा करते, हे मला अमेरिकेतील एका प्रयोगावरून उमगले. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे जवळजवळ निम्म्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. ते खिन्न व चिडखोर झाले, ताटे चाटू लागले, थोडेसे अन्न पुष्कळ वेळ चिवडीत बसू लागले. कित्येकांनी पाककृतींची पुस्तके जमविली. आमची नात एका पोळीचे सोळा तुकडे करीत असे आणि दिवसभर मोबाइलवर दुसऱ्यांचा स्वयंपाक पाहत असे. आम्ही त्यास नाटक म्हणालो. ती उपासमारीची लक्षणे होती. त्या तरुणांना पोटभर अन्न मिळू लागल्यावरही पूर्ववत होण्यास कित्येक महिने लागले, हे वाचून मला धीर आला.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासले. दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट घसरते व हृदयास धोका पोहोचतो. म्हणून आरंभीचे दिवस त्यांच्या देखरेखीखाली गेले. पुढे घरी तीन जेवणे व मधे तीन वेळा खाणे, सारे घड्याळाप्रमाणे. भुकेची वाट पाहावयाची नाही, कारण भुकेची खूणच बिघडलेली असते. शाळेची घंटा सांभाळली तशी मी ती वेळ सांभाळली.

काय व किती खावयाचे हे काही काळ आईवडिलांनीच ठरवावे, अशी लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयातून पुढे आलेली पद्धत आहे. पहिल्या दिवशी वाटीभर वरणभातास सव्वा तास लागला. मुलीने वाटी भिरकावली. सूनबाईंनी फरशी पुसली आणि शब्दही न बोलता पुन्हा वाढले. रागवावयाचे ते आजारावर, मुलीवर नव्हे, हे मला चाळीस वर्षांच्या मास्तरकीत साधले नव्हते, सूनबाईंना साधले. मला तर "आता अंग भरले हो" असे कौतुकही करण्याची बंदी होती, कारण तिच्या कानी ते 'जाडी झालीस' असेच पडे. आम्ही क्रिकेटवर बोलू लागलो.

उपवास तिला वर्ज्य होते. आमच्या सौभाग्यवतींनी कित्येक वर्षांची आपली एकादशी त्या वर्षी सोडली आणि नातीच्या शेजारी बसून त्या जेवल्या. विठोबा रागावला असेल असे मला वाटत नाही.

दीड वर्षाने तिची प्रकृती सावरली. परीक्षेच्या दिवसांत पुन्हा दुपारचा डबा तसाच परत येऊ लागला होता. आठवड्यातच लक्षात आले आणि घंटा पुन्हा सुरू झाली. हे मुलांनाही होते. काही जण तर चोरून अतोनात खातात व ओकून टाकतात. वजन घटत नसल्यामुळे घरच्यांस पत्ताही लागत नाही.

मंडळास एक विनंती आहे. आपल्या वधू-वर परिचयाच्या अर्जात वजनाचा रकाना आहे. तो पुढील वर्षीच्या अर्जातून काढून टाकावा.

आता भोजनाची वेळ होत आली. माझी नात आज पंक्तीस बसणार आहे. तिच्या पानात काय वाढले आणि काय राहिले, याकडे कृपया कोणी पाहू नये. आग्रहही करू नये. तिची आई शेजारी आहे.