न आलेल्यांची वही

आपापले दवाखाने दोन दिवस बंद ठेवून राज्यभरातून आलेल्या माझ्या सहव्यावसायिकांनो,

परिषदेच्या अध्यक्षांनी अलीकडच्या घडामोडींचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे प्रथा आहे. त्याची टिपणं मी काढली होती. होमिओपॅथांना आधुनिक औषधं लिहू देणाऱ्या ‘सीसीएमपी’ अभ्यासक्रमाचा वाद, फोनवरून उपचार देण्यासाठी 2020 साली आलेले नियम, 2022 पासून मुंबईत सुरू झालेला ‘आपला दवाखाना’, असं सगळं त्यात आहे. ते स्मरणिकेत छापून घ्या. मला आज एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. ती बोलण्यासाठी मी फार वर्षं थांबले आहे.

आपल्या दवाखान्यात आज किती पेशंट आले, हे इथला प्रत्येक जण सांगेल. पण आपल्या परिसरातल्या कोणाकोणाला यायला हवं होतं आणि ते आले नाहीत, हे किती जण सांगू शकतील? आशाताई सांगू शकते. साधारण हजार वस्तीची तिची वही असते. त्यात गरोदर बाई कोण, कोणत्या बाळाची लस राहिली, हे घरवार लिहिलेलं असतं. तिला सरकार मानधनावर राबवतं आणि आपण डिग्रीची पाटी लावून बसतो. माणसांची यादी मात्र तिच्याकडे आहे, आपल्याकडे नाही. हे मला सहन होत नाही.

अशी यादी आपल्याकडे होती. तरुण मंडळींना हे ठाऊक नसेल म्हणून सांगते. 1948 च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना आली आणि महाराष्ट्रात तिच्यात पॅनेल डॉक्टरांची पद्धत रुजली. गिरणी कामगार आपल्या चाळीजवळच्या एका खासगी डॉक्टरकडे नाव नोंदवायचा. डॉक्टरला पैसे इंजेक्शनमागे किंवा फेरीमागे मिळत नसत, नोंदलेल्या माणसामागे वर्षाचे मिळत. माणूस आजारी पडला नाही तरी तो तुमचाच. मी लालबागमध्ये ज्यांच्या हाताखाली शिकले, त्यांचा दवाखाना पॅनेलचा होता. नवीन नाव आलं की ते खोली नंबर, गिरणी, खातं, पाळी, गाव आणि जेवण कुठल्या खानावळीत, एवढं लिहून घेत. खानावळ कशाला, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, “कळेल.”

पुढे कळलं. क्षयाचं औषध चालू असलेला एक बदली कामगार तिसऱ्या महिन्यात यायचा थांबला. खोकला गेला होता, वजन वाढलं होतं. औषध सोडायची नेमकी हीच वेळ असते. महिन्याची तारीख उलटली तशी आमच्या कंपाउंडरमामांनी वही काढली आणि ते थेट खानावळवाल्या बाईंकडे गेले. तो लावणीसाठी गावी गेल्याचं बाईंना माहीत होतं, आणि परतायला गणपती उलटतील हेही. आम्ही गोळ्यांची पुडकी आणि तिथल्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी त्याच्या गाववाल्याबरोबर धाडली. तो बरा झाला.

काल चर्चासत्रात क्षयरोगावरून खासगी डॉक्टरांना बोल लावले गेले. डॉ. मुकुंद उपलेकरांचा 1991 चा अभ्यास पुन्हा वाचून दाखवला गेला. मुंबईतल्या शंभरेक डॉक्टरांना क्षयाच्या उपचाराची चिठ्ठी लिहायला सांगितली, तर ऐंशी तऱ्हेच्या चिठ्ठ्या निघाल्या. टीका खरी होती आणि ती आपल्याला लागली, हे चांगलंच झालं. चिठ्ठ्या सुधारल्या. 2012 पासून प्रत्येक क्षयरुग्णाची माहिती सरकारला कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. पण नाव कळवून आपलं काम संपत नाही. चौथ्या महिन्यात तो का आला नाही, हे संगणक विचारील; त्याचं दार कोण वाजवणार? जो त्या गल्लीत बसतो तोच.

सीसीएमपीवरून इथे आवाज चढले. माझं म्हणणं थोडक्यात सांगते. माझ्या समोरच्या गल्लीत एक होमिओपॅथ बसत. त्यांच्या औषधांवरून आमचं कधी जमलं नाही. पण 2005 च्या जुलैतल्या पुरानंतर लेप्टोच्या भीतीने लोकांची झोप उडाली, तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून कोण कोण चालत आलं याची यादी त्यांच्याकडे तयार होती. गटार साफ करणारी माणसं, हमाल, भाजीवाल्या. माझी आणि त्यांची वही जुळवून आम्ही घरोघर गेलो. ताप असलेल्यांना त्याच दिवशी केईएमला पाठवलं, बाकीच्यांना मी डॉक्सीसायक्लिन दिलं. कोणी कोणतं औषध लिहावं याला कायदा हवाच. पण पॅथीच्या भांडणात दोन्ही बाजूंनी वहीचं नाव एकदाही घेतलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणि ज्यांना वाटतं की यादी ही गोरगरिबांच्या वस्तीतली जुनी गोष्ट आहे, त्यांनी वेल्समधल्या ग्लिनकोरग या कोळसा खाणीच्या गावाकडे पाहावं. तिथे डॉ. ज्युलियन ट्युडर हार्ट यांचा दवाखाना होता. इंग्लंड-वेल्समध्ये 1948 पासून प्रत्येक माणूस एखाद्या दवाखान्यात नोंदलेला असतो. हार्ट यांनी त्या यादीचा वापर केला. सर्दी-खोकल्याला आलेल्याचा रक्तदाब मोजलाच, आणि जे आलेच नाहीत त्यांच्या मागे लागून गावातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाचा मोजला. पंचवीस वर्षांनी हिशेब झाला, तेव्हा पासष्टीच्या आत मरणाऱ्यांचं प्रमाण शेजारच्या गावाहून जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी भरलं. त्यांच्याकडे परिचारिका होत्या आणि सरकारी पैशाचा आधार होता, हे मान्य. यंत्रसामग्री मात्र आपल्याकडे आहे तीच: रक्तदाबाचा पट्टा, स्टेथोस्कोप आणि वही.

आपल्याकडे काय झालं? 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं. नोकरी गेली तसा विमा गेला, विमा गेला तशी पॅनेलवरची नावं गेली. कोणी डोंबिवलीला, कोणी विरारला, कोणी कायमचं कोकणात. उरले त्यांना मी फी न घेता तपासत राहिले, तुमच्यापैकी अनेकांनी तेच केलं. पण आपण एक गोष्ट सोडून दिली. पैसे माणसामागे मिळेनात म्हणून आपण माणूस मोजणंच थांबवलं आणि फेऱ्या मोजायला लागलो. तिथून सलाइन आलं, इंजेक्शन आलं, तपासण्यांतलं कमिशन आलं. कट प्रॅक्टिसविरुद्ध 2017 मध्ये सरकारने कायद्याचा मसुदा केला, तेव्हा आपल्यातले कित्येक चिडले. मी चिडले नाही. फेरीवर पोट भरणाऱ्या डॉक्टरचं पाऊल कधी ना कधी तिकडे घसरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. फार चांगली माणसं घसरताना पाहिली आहेत.

सरकारही हे काम उलट्या टोकाने धरून बसलं आहे. 2012 साली सुरू झालेली जीवनदायी योजना, आजची महात्मा फुले योजना, हृदयाच्या शस्त्रक्रियेचा खर्च उचलते. खूप जीव वाचले, मी तिच्याविरुद्ध नाही. पण ती वेळ टाळणारी रक्तदाबाची गोळी पेशंट रोज घेतो का, हे पाहणाऱ्या माणसाची किंमत त्या योजनेत शून्य आहे. माझ्याकडे येणारी एक बाई लोकांच्या घरी पोळ्या करते. साखर वाढलेली, पायाला मुंग्या. तिला महिन्यातून एकदा बोलवायचं, पाय बघायचे, डोळे तपासायला पाठवायचं, चप्पल बदलायला लावायची. याचं बिल कोणत्याही खिडकीवर मंजूर होत नाही. तिचा पाय कापायची वेळ आली तर होईल.

म्हणून माझी मागणी आहे. पॅनेलची पद्धत पुन्हा आणा, फक्त 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारकांसाठी नव्हे, सगळ्यांसाठी. कुटुंबाने गल्लीतला दवाखाना निवडावा, सरकारने कुटुंबामागे वर्षाची रक्कम द्यावी, आणि डॉक्टरने त्या घरातल्या प्रत्येकाचा हिशेब द्यावा. रक्कम किती, ती महापालिका देईल की राज्य, औषधं कोण पुरवणार, यावर अर्थशास्त्र जाणणाऱ्यांनी बसावं लागेल. परिषदेने त्यासाठी एक समिती नेमावी. वहीचा नमुनाही कोणीतरी करायला हवा. मोबाईलवर असला तरी चालेल, पण तो घरवार असावा.

ज्यांना सरकारची वाट पाहायची नसेल त्यांनी सोमवारी आपल्या दवाखान्यासमोरच्या एका इमारतीपासून सुरुवात करावी. कार्यकारिणीने माझ्या या मागणीचा ठराव दोनदा ‘पुढील बैठकीत विचारार्थ’ म्हणून ठेवून दिला आहे. अध्यक्ष म्हणून मिळालेला पहिला अधिकार मी आज वापरते: दुपारच्या खुल्या अधिवेशनात पहिला विषय हाच असेल, आणि मतदान हात वर करून होईल.