उडत्या चालीची आशा

गाण्याविषयी बोलायला बसलेला माणूस बहुधा अभंग, नाट्यपद किंवा भावगीत निवडतो. उडत्या चालीच्या गाण्यावर कोणी भाषण करत नाही. ते गाणे वरातीत वाजवायचे, गणपतीपुढे त्यावर नाचायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरून जायचे, असाच आपला रिवाज. त्यातून ते सिनेमाचे नसेल, नुसत्या कॅसेटचे असेल, तर विचारायलाच नको. मी मात्र आज त्याच गाण्यांविषयी बोलणार आहे. आशा भोसले यांनी साठीच्या पुढे जे पॉप अल्बम केले, ते मी निलंग्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षे ऐकत आले. त्यातले मला काय आवडले, काय साधारण वाटले आणि ती गाणी आमच्या घराला कुठे उपयोगी पडली, एवढेच सांगायचे आहे.

आधी 'इंडीपॉप' या शब्दाविषयी. नव्वदच्या दशकात हा शब्द आपल्याकडे रुळला. अर्थ साधा आहे. जे गाणे कोणत्याही चित्रपटासाठी केलेले नाही, गायकाच्या स्वतःच्या नावावर जे बाजारात येते, ते इंडीपॉप. १९८१ साली नाझिया हसनचा 'डिस्को दिवाने' आला तेव्हा या प्रकाराची पायवाट पडली. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचा 'मेड इन इंडिया' आला आणि पायवाटेचा रस्ता झाला. दोन्हींमागे संगीतकार बिद्दू होते. तोवर गावोगाव केबल पोचू लागली होती आणि गाण्यांची वाहिनी दिवसभर चालू असायची. निलंग्यात तेव्हा कोऱ्या कॅसेटमध्ये आपल्या पसंतीची गाणी भरून देणारे दुकानदार होते. कागदावर यादी लिहून द्यायची, दोन दिवसांनी कॅसेट घ्यायची. अस्सल कव्हराची कॅसेट हवी असेल तर लातूरला गंजगोलाईत जावे लागे.

सिनेमातली गायिका दुसऱ्या बाईच्या ओठांसाठी गाते. आशाबाईंच्या वाट्याला तर कितीदा तरी क्लबमधली नर्तकी आली. 'पिया तू अब तो आजा' म्हटले की १९७१ सालचा 'कारवां' आठवतो आणि डोळ्यांपुढे हेलन येते. गाण्यातला नखरा त्या पात्राचा, अशी सगळ्यांची सोय होती. ऐकणाऱ्याचीही आणि कदाचित गाणारीचीही. अल्बममध्ये ही सोय नाही. कव्हरवर नाव गायिकेचे, चेहरा गायिकेचा. तिथे जो खट्याळपणा आहे तो तिचा स्वतःचा, असेच लोक धरून चालतात. सांगलीत १९३३ साली जन्मलेल्या, दहाव्या वर्षी 'माझं बाळ' या चित्रपटात गायलेल्या, तीन लेकरे वाढवलेल्या बाईने हे साठीनंतर करावे, याला धाडस लागते.

पहिला अल्बम 'राहुल अँड आय', १९९६ सालचा. राहुल म्हणजे राहुल देव बर्मन, आपले पंचम. १९८० मध्ये दोघांनी लग्न केले आणि ४ जानेवारी १९९४ रोजी पंचम गेले. त्यांच्याच जुन्या गाण्यांना लेस्ली लुईस यांनी नव्या ताल-वाद्यांचा पेहराव चढवला आणि आशाबाईंनी ती पुन्हा म्हटली. तेव्हा रिमिक्स या प्रकारावर पुष्कळ टीका होत होती. ती सगळीच चुकीची नव्हती. मला स्वतःला काही ठिकाणी यंत्राचा ठोका जड वाटतो. पंचमच्या मूळ वाद्यमेळात दोन सुरांमध्ये जी हवा खेळते, ती इथे कोंडल्यासारखी होते. पण दुसऱ्याने कोणी जुनी तबकडी कापून जोडणे वेगळे आणि जिची ती गाणी, तिने ती पुन्हा उभी राहून गाणे वेगळे. आवाजाला वयाची किंचित सावली आहे, चपळाई मात्र तीच आहे.

हा अल्बम आमच्या घरी कसा आला, ते सांगायला हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून माणसे झोपली असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसे गेली. आमच्या भागातली घरे दगडमातीची, भिंती रुंद, वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरेच माणसांवर बसली. माझी मोठी नणंद किल्लारीकडच्या एका गावात दिलेली होती. तिचे मालक त्या पहाटे गेले. दोन लेकरांना घेऊन ती आमच्याकडे निलंग्याला आली. पंचम गेले ते त्यानंतर तीनच महिन्यांनी. आमच्या घरात तेव्हा त्या बातमीची दखल घेण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते.

पुढची तीन वर्षे आमच्या रेडिओवर बातम्या आणि हवामान, एवढेच लागत असे. तसे कोणी ठरवले नव्हते. गाणे सुरू झाले की कोणीतरी उठून बटण फिरवायचे. लेकरे शेजारच्या घरी जाऊन टीव्हीवर गाणी बघून यायची आणि आल्यावर गप्प बसायची. 'राहुल अँड आय' मी लातूरहून आणला खरा, पण तो कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवला होता. एक दिवस भाकरी थापता थापता नणंदच म्हणाली, "वहिनी, ती कॅसेट लाव की. नुसती ठेवायला आणलीस का?"

मी लावली. ओसरीवर सासरे बसले होते. ते म्हणाले, "आवाज जरा कमी करा." बंद करा म्हणाले नाहीत. शेजारच्या एक बाई पीठ मागायला आल्या आणि माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "हिला गोड कसं लागतं गं गाणं?" नणंदेने ते ऐकले. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "जी गातीय, तिचंबी माणूस गेलंय की."

एवढेच झाले. पण त्या दिवसापासून आमच्याकडे पुन्हा गाणी लागू लागली. दुःख संपले म्हणून नव्हे. ती रात्री रडायची आणि सकाळी कॅसेट लावायची, असे पुढे बरीच वर्षे चालले.

दुसरा अल्बम 'जानम समझा करो', १९९७ चा. संगीत पुन्हा लेस्ली लुईस यांचे, पण गाणी नवी. माझ्या मते या सगळ्यांत हा सर्वांत सरस. आशाबाई तेव्हा चौसष्ट वर्षांच्या झाल्या होत्या. शीर्षकगीत लक्ष देऊन ऐका. ठोका सरळ, यंत्राचा, न चुकणारा. त्यावर त्या शब्द ठेवतात ते मात्र कधी ठोक्याच्या किंचित आधी, कधी किंचित मागे. ओळीचा शेवट पूर्ण गात नाहीत, अर्ध्या हसण्यात सोडून देतात. यंत्र जितके शिस्तीचे, तितका हा आवाज मोकळा वाटतो. नवशिके गायक अशा गाण्यात जोर लावतात. इथे जोर कुठेच नाही, श्वास मात्र प्रत्येक ठिकाणी मोजलेला आहे. दीनानाथांच्या घरात लहानपणी कानावर पडलेले शास्त्रीय गाणे अशा वेळी कामाला येते, ते दाखवले जात नाही इतकेच.

त्यानंतर २००० च्या सुमारास अदनान सामी यांच्याबरोबरचे 'कभी तो नज़र मिलाओ'. हे गाणे उडते नाही, संथ आहे, पण त्याचा स्वभाव प्रसन्न आहे. अदनान यांचा पियानो आणि वयाने कितीतरी लहान असलेल्या सहगायकापुढे न बुजणारा, त्याला न दडपणारा आशाबाईंचा आवाज. दुपारी कामे आटोपल्यावर ऐकायला हे गाणे चांगले.

'आपकी आशा' या अल्बममध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकले. आठ गाण्यांना स्वतः चाली दिल्या. शब्द मजरूह सुलतानपुरी यांचे. मजरूह २००० च्या मे महिन्यात गेले, अल्बम त्यानंतर आला. चाली कानाला ओळखीच्या वाटतात, कुठे कुठे पंचमची आठवण येते आणि एकदा ऐकून सगळ्याच लक्षात राहत नाहीत. उत्तम म्हणता येणार नाही. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या चाली म्हणणाऱ्या बाईला उतारवयात स्वतःच्या चाली म्हणाव्याशा वाटल्या, हे मला फार आवडले.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या क्रोनोस क्वार्टेट या चार तंतुवाद्ये वाजवणाऱ्या चमूबरोबर त्यांनी पंचमची गाणी पुन्हा गायली. तबल्यावर झाकिर हुसेन होते. त्या अल्बमला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. 'राहुल अँड आय'मध्ये जी हवा कोंडली होती, ती इथे मोकळी झाली, असे मला वाटते. पुढच्या वर्षीच्या 'आशा अँड फ्रेंड्स'मध्ये संजय दत्त, ऊर्मिला मातोंडकर आणि चक्क ऑस्ट्रेलियाचा गोलंदाज ब्रेट ली त्यांच्याबरोबर गायले. यात गंमत आहे, गाणे कमी आहे. मित्रमंडळींना सांभाळून घेण्यात गायिकेची ताकद जाते. तरी आमच्या घरातल्या पोरांना क्रिकेटमुळे तोच सर्वांत जास्त आवडला होता, हेही नमूद करते.

आता एक प्रश्न उरतो, जो मला नेहमी विचारला जातो. या वयात हे शोभते का? देव आनंद ऐंशी उलटल्यावरही रुबाबात पडद्यावर आले, तर त्यांना आपण सदाबहार म्हटले. बाईने साठीला लाडिक गाणे म्हटले की मात्र आपण भुवया उंचावतो. बाईचे वय झाले, तिच्यावर दुःख कोसळले, की तिने गंभीर व्हावे, देवाचे म्हणावे, अशी आपली अपेक्षा असते. देवाचे म्हणण्यात गैर काहीच नाही. आशाबाईंनी तेही म्हटले, भावगीतेही म्हटली. श्रीधर फडके यांच्या 'ऋतू हिरवा'मधली शांताबाई शेळक्यांची गाणी ऐकली की हा आवाज किती खोल जातो ते कळते. पण गंभीर गाणे तेवढे खरे आणि आनंदी गाणे म्हणजे उथळ, ही वाटणी मला मान्य नाही. ज्या बाईने नवरा गमावला, पुढे २०१२ मध्ये मुलगी आणि २०१५ मध्ये मुलगा गमावला, तिला दुःख कशाला म्हणतात ते कोणी शिकवायला नको. डिसेंबर २०२४ मध्ये, एक्क्याण्णव वर्षांच्या असताना, त्या दुबईच्या कार्यक्रमात 'तौबा तौबा' हे अगदी नव्या पोरांचे गाणे गायल्या आणि त्यावर पावलेही टाकली. ते दृश्य आमच्या गावातल्या कितीतरी आज्यांनी नातवंडांच्या मोबाइलवर पाहिले. काही हसल्या, काहींनी पुन्हा लावायला सांगितले.

माझे म्हणणे इतकेच आहे. तुमच्या घरात एखादी बाई गप्प झाली असेल, वयाने किंवा दुःखाने, तर तिला काय ऐकायचे ते एकदा विचारा. तिच्या वतीने आपणच ठरवू नका. ती अभंग म्हणेल तर अभंग लावा. ती उडत्या चालीचे गाणे म्हणाली, तर तेही लावा, आणि शेजारीण आली म्हणून आवाज कमी करू नका.