दहावा गडी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, 'सॉफ्टवेअरमधलं करिअर' या विषयावर बोल. त्यावर बोलू शकतील असे आपल्या बॅचमध्ये निदान पंधरा जण आहेत आणि त्यातल्या चौघांना माझ्यापेक्षा जास्त पगार आहे. म्हणून मी सॉफ्टबॉलवर बोलणार आहे. 'सॉफ्ट' तेवढं ठेवलंय.

मी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसजवळच्या एका उपनगरात राहते. मे ते ऑगस्ट, दर मंगळवारी संध्याकाळी, मी तिथल्या चर्चच्या सॉफ्टबॉल लीगमध्ये खेळते. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिने दोन प्रश्न विचारले. "म्हणजे तू आता चर्चमध्ये जातेस?" आणि "गुडघ्याचं काय?" दोन्ही प्रश्न रास्त. गुडघ्याला पट्टा बांधते आणि घरी आल्यावर बर्फ लावते, तो विषय संपला. पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल.

आधी खेळ सांगते. सॉफ्टबॉल जन्मला १८८७ साली, शिकागोच्या एका बोट क्लबात, आणि तोही खोलीच्या आत! येल आणि हार्वर्डच्या फुटबॉल सामन्याचा निकाल ऐकायला मंडळी जमली होती. निकाल कळल्यावर कोणीतरी आनंदाने बॉक्सिंगचा ग्लोव्ह भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने टोलवला, आणि जॉर्ज हॅनकॉक नावाच्या गृहस्थाने त्यातून खेळ उभा केला. आमच्या मिनियापोलिसचाही यात वाटा आहे. १८९५ मध्ये तिथल्या लुईस रोबर नावाच्या अग्निशामक दलातल्या माणसाने आपल्या जवानांना मोकळ्या वेळात व्यायाम व्हावा म्हणून हाच खेळ अग्निशमन केंद्राशेजारच्या रिकाम्या जागेत सुरू केला. तिकडे त्याला कितीतरी वर्षं 'किटनबॉल' म्हणत. मांजरीच्या पिल्लांचा चेंडू!

आम्ही खेळतो तो स्लो-पिच प्रकार. चेंडू खालून, हात झुलवून टाकायचा आणि त्याने हवेत किमान सहा फूट उंच कमान करायलाच हवी. पाहणाऱ्याला वाटतं, हा तर बाळाला टाकलेला चेंडू. बॅट हातात घेतल्यावर कळतं की वरून सावकाश खाली येणाऱ्या चेंडूची वाट बघणं हे किती अवघड काम आहे. घाई करणारा हमखास हवेत झेल देतो. नाव सॉफ्ट असलं तरी चेंडू चांगला टणक असतो, हे माझ्या डाव्या हाताच्या करंगळीला विचारा.

बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षणाला नऊ जण, इथे दहा. हा दहावा गडी लांबच्या मैदानातला चौथा. आमच्या संघात ती जागा माझी. स्कोअरच्या वहीत प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर १, कॅचर २, असं करत उजव्या कोपऱ्यातला ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसला फेकला आणि गडी बाद झाला, तर वहीत फक्त ६-३ लिहायचं. तीन स्ट्राइकवर बाद झाला तर इंग्रजी 'के', आणि बॅट न हलवता नुसता बघत राहून बाद झाला तर तोच 'के' उलटा. आमच्या धंद्यातल्या कोणालाही ही वही बघून भरून येईल. सगळा सामना एका पानात, एकही शब्द जास्तीचा नाही.

आता चर्च. आमच्या लीगमध्ये बारा संघ आहेत. लुथरन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, कॅथलिक. बाप्तिस्मा कधी आणि कसा द्यावा यावर या मंडळींचं शतकानुशतकं जमलेलं नाही, पण मंगळवारी सहा वाजता सगळे एकाच पंचावर चिडतात. शिवी द्यायची नाही, मैदानावर बिअर नाही. सामन्याआधी दोन्ही संघ होम प्लेटभोवती हात धरून गोल उभे राहतात आणि कोणीतरी छोटी प्रार्थना म्हणतं. कोणाला इजा होऊ नये, एवढाच बहुतेक वेळा तिचा आशय. मीही गोलात उभी राहते. त्यांचे डोळे मिटलेले असतात, माझे उघडे. त्यामुळे डास कोणाला चावतोय ते मला आधी दिसतं.

मी त्यात कशी शिरले? संघात निम्म्या बायका हव्यात, चारपेक्षा कमी आल्या तर न खेळताच हार, असा आमच्या लीगचा नियम. आमच्या शेजारणीच्या लुथरन चर्चला बायका कमी पडत होत्या. ती निवृत्त नर्स, वय बासष्ट, आणि संघाची कॅचर. मी म्हटलं, मी हिंदू आहे. ती म्हणाली, "ते मला ठाऊक आहे, दिवाळीला तूच चकल्या देतेस. मंगळवारी मोकळी आहेस का?"

मैत्रिणींना आठवत असेल, आठवीनंतर पीटीच्या तासाला आपलं काय होत असे. मैदान मुलांचं. आपण व्हरांड्यात बसून त्यांच्या क्रिकेटचा स्कोअर लिहायचो. अक्षर चांगलं म्हणून माझ्याकडे वही कायमची आली. कोणी वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाही, कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण माझा हात लगोरीवर तयार झालेला होता आणि नेम बरा होता. तो पुढची अठ्ठावीस वर्षं कुठे वापरायला मिळाला नाही. त्रेचाळिसाव्या वर्षी लांबून फेकलेला चेंडू थेट दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हमध्ये जाऊन बसला, त्याचा 'थप्प' आवाज आला, तेव्हा मला काय वाटलं ते मी इथे सांगायचा प्रयत्न करत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात, बाद फेरीच्या तोंडावर, एका संघाच्या मॅनेजरने हरकत घेतली. नियमात होतं की खेळाडूने महिन्यातून निदान दोन रविवार आपल्या चर्चला हजर असावं. आमचे मॅनेजर सरळ माणूस. म्हणाले, "दोन रविवार मागच्या बाकावर येऊन बस. कॉफीही चांगली असते." मी नाही म्हटलं. चर्चचा मला राग नाही. नाताळात आम्ही जातो, मुलीला तिथली गाणी आवडतात. पण खेळायला मिळावं म्हणून कोणाच्या देवळात हजेरी लावायची, हे मला पटेना. त्यात त्यांच्या देवाचाही मान राहत नाही.

तर उरलेला हंगाम मी बाकावर बसले. हातात काय, तर स्कोअरची वही.

हिवाळ्यात चर्चच्या तळघरात सगळ्या मॅनेजरांची बैठक झाली, मला बोलावलं. मी विचारलं, हा नियम केला कशासाठी? एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, पूर्वी लोक बाहेरून तगडे भाडोत्री खेळाडू आणायचे, ते थांबवायला. मी म्हटलं, माझ्या बॅटिंगची वही सोबत आणली आहे, भाडं कोणी दिलं असेल तर त्याचे पैसे बुडाले. लोक हसले. हरकत घेणारे मॅनेजर हसले नाहीत. ते म्हणाले, "आमचं चर्च लहान आहे. तरुण मुलं रविवारी येईनाशी झाली आहेत. मंगळवारच्या ओढीने तीन-चार टिकून आहेत. चर्चला न येताही खेळता आलं, तर मी त्यांना काय सांगू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी त्यांना तसं सांगितलंही. माझं एवढंच म्हणणं होतं की माझ्याकडून खोटी हजेरी घेऊन त्यांची मुलं काही टिकणार नाहीत. मतदान झालं. प्रत्येक संघात त्या वस्तीत राहणारे बाहेरचे तीन जण चालतील, हे सात विरुद्ध पाच मतांनी मंजूर झालं. त्या गृहस्थांनी विरोधात मत दिलं. पुढच्या मे महिन्यात त्यांच्याविरुद्ध सामना होता. प्रार्थना म्हणायची पाळी त्यांची होती आणि गोलात माझ्या शेजारी तेच उभे होते. हात पुढे केला, मी धरला. त्या दिवशी त्यांनी आम्हाला १४-३ असं धुतलं.

त्यांच्या त्या मुलांपैकी दोघे अजून खेळतात, एक सोडून गेला. माझ्यामुळे की कशामुळे, मला माहीत नाही. अधूनमधून ते मनात येतं.

असो, संयोजक घड्याळ दाखवताहेत. एक सूचना करून थांबते. मी बॅगेत दोन चेंडू, एक बॅट आणि चार ग्लोव्ह आणले आहेत. विमानतळावर त्या बॅटमुळे अर्धा तास गेला. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे. उद्या सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर. पट्टे, बाम, गोळ्या ज्याने त्याने आपापल्या आणाव्यात. ग्लोव्ह चारच आहेत, ते आधी मुलींना. स्कोअर मुलांनी लिहायचा. कसा लिहायचा ते मी शिकवीन.