ब्राझीलचा फुटबॉल आणि शेजारच्या आजी

ह्यांच्या नोकरीमुळं आम्ही काही वर्षं ब्राझीलमध्ये, साव पावलो शहरात राहिलो. सासूबाई, आम्ही नवराबायको आणि आमची लेक. तो देश आम्हाला खऱ्या अर्थानं कळला तो फुटबॉलमुळं, म्हणून आज त्याबद्दलच बोलतो.

2022 साली पुरुषांचा विश्वचषक कतारमध्ये होता. पण तयारी आमच्या गल्लीत! गणपतीला काढतो तशी वर्गणी निघाली. या घरापासून त्या घरापर्यंत हिरव्या-पिवळ्या पताका लागल्या, पोरांनी रस्ता रंगवला. ब्राझीलचा सामना असला की दुकानांची शटर खाली, बँका आणि सरकारी कचेऱ्याही तेवढ्या वेळापुरत्या बंद. सगळीकडं चिडीचूप. आणि गोल झाला की प्रत्येक खिडकीतून आरोळ्या, फटाके. पहिल्या दिवशी सासूबाई केवढ्या दचकल्या!

सामना बघायला शेजारच्या आजींनी बोलावलं. त्यांनी चीज घातलेले छोटे गोल पाव केले होते. ते कसावा नावाच्या कंदाच्या पिठाचे असतात. आपला साबुदाणा त्याच कंदाचा, आणि तो कंद मूळचा तिकडचाच. मग पुढच्या सामन्याला सासूबाईंनी साबुदाणा वडे नेले. मध्यंतराआधीच ताट रिकामं.

9 डिसेंबरला क्रोएशियाशी गाठ पडली. जादा वेळेत नेमारनं गोल केला आणि गल्ली नाचायला लागली. जेमतेम तीन मिनिटं उरली असताना क्रोएशियानं बरोबरी केली आणि पेनल्टीवर ब्राझील हरलं. चांगले बाप्ये ओक्साबोक्शी रडत होते. आमच्याकडं क्रिकेटच्या पराभवानं तोंडं पडतात, पण हे वेगळंच होतं. घरातलं कुणी गेल्यासारखं.

त्या संध्याकाळी आजी एक गोष्ट बोलल्या. लहानपणी भाऊ खेळायचे तेव्हा त्या गोलच्या मागं उभ्या राहायच्या, बाहेर गेलेला चेंडू आणून द्यायला. स्वतः लाथ मारायची नाही. का? तर बायकांनी फुटबॉल खेळायला तिथं कायद्यानंच बंदी होती! 1941 साली सरकारनं हुकूम काढला की बाईच्या प्रकृतीला न शोभणारे खेळ तिनं खेळू नयेत. बंदी उठली 1979 साली. म्हणजे पेलेसारखा खेळाडू जगभर गाजत होता, ब्राझीलनं तीन विश्वचषक जिंकले, आणि त्या सगळ्या काळात तिथल्या मुलींना मैदान बंद. प्रकृतीचं कारण आपल्याकडंही पोरींना ऐकवतातच की.

मार्ता ही त्यांची खेळाडू. आलागोआस या गरीब राज्यातल्या छोट्या गावची, मुलांत खेळून शिकलेली. विश्वचषकात तिचे 17 गोल आहेत. तेवढे कुठल्याही बाईचे नाहीत नि पुरुषाचेही नाहीत. जगातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून ती सहा वेळा निवडली गेली. आमची लेक तिचंच नाव पाठीवर लिहिलेला पिवळा सदरा घालून खाली पोरांत खेळायची.

2023 मध्ये महिलांचा विश्वचषक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला झाला. तेव्हा सरकारी नोकरांना ब्राझीलच्या सामन्यानंतर कामावर यायची सवलत मिळाली. हे चांगलंच झालं. पण खरं सांगतो, आमच्या गल्लीत एकही पताका लागली नाही. सकाळी आठला आजींच्या स्वयंपाकघरात आम्ही बायकाच जमलो. पनामाला 4-0 हरवलं तेव्हा लेक टेबलावर चढली. पुढं फ्रान्सशी हरलो, जमैकाशी बरोबरी झाली आणि संघ बाहेर पडला. हा आपला शेवटचा विश्वचषक, असं मार्तानं तेव्हा सांगितलं होतं. बाहेर रस्ता रोजच्यासारखा वाहत होता. आत आजी मात्र रडत होत्या, आणि आम्हीही.

2027 चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्येच भरायचा आहे. आजींचा निरोप आलाय, या वेळी वर्गणी त्या स्वतः गोळा करणार आहेत, पोरीला घेऊन या म्हणतात. विमानाच्या तिकिटाचं काही जमेलसं दिसत नाही. पण सासूबाईंनी आमचा वाटा आत्ताच डब्यात बाजूला काढून ठेवलाय.