वाल्टर बोटे : दोन गणित्रांची साक्ष

दोन घटना एकाच क्षणी घडल्या, असे आपण व्यवहारात सहज म्हणून जातो. परंतु सेकंदाच्या सहस्रांशापर्यंत त्या खरोखर एकत्र घडल्या काय, हे ठरवावयाचे झाल्यास काम कठीण होते. वाल्टर बोटे ह्या जर्मन अणुगर्भशास्त्रज्ञाने आपली उमेदीची वर्षे ह्या एका प्रश्नाला वाहिली.

बोटे यांचा जन्म ८ जानेवारी १८९१ रोजी बर्लिनजवळच्या ओरानिएनबुर्ग गावी झाला. माक्स प्लांक यांच्यासारखा गुरू लाभला आणि १९१३ साली बर्लिनच्या राष्ट्रीय मापनसंस्थेत हान्स गायगर यांच्या हाताखाली काम मिळाले. किरणोत्सर्गी कण एकेक करून मोजणारे गणित्र ज्यांच्या नावाने ओळखले जाते, तेच हे गायगर. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. १९१५ मध्ये बोटे रशियनांच्या हाती सापडले आणि सैबेरियात युद्धकैदी झाले. त्या बंदिवासात त्यांनी रशियन भाषा आत्मसात केली, गणिताचा व्यासंग सोडला नाही, आणि १९२० साली मायदेशी परतताना मॉस्कोची बार्बरा बेलोव्ह ही पत्नी म्हणून त्यांच्यासमवेत होती.

१९२४ साली नील्स बोर, क्रामर्स आणि स्लेटर यांनी एक धाडसी कल्पना मांडली. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम एकेका सूक्ष्म घटनेला लागू नसून असंख्य घटनांच्या सरासरीलाच लागू आहे, असे तिचे तात्पर्य होते. पेढीच्या रोजकीर्दीत जमाखर्च जुळला नाही तरी चालेल, वर्षअखेरच्या ताळेबंदात जुळला म्हणजे झाले, अशातला हा प्रकार! बोटे आणि गायगर यांनी रोजकीर्दच तपासावयाचे ठरविले. क्ष-किरण इलेक्ट्रॉनावर आदळला की किरण एकीकडे विखुरतो आणि इलेक्ट्रॉन दुसरीकडे फेकला जातो. नियम प्रत्येक घटनेत पाळला जात असेल, तर ह्या दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या पाहिजेत. म्हणून हायड्रोजन वायूत दोन गणित्रे समोरासमोर ठेवली. एकाने इलेक्ट्रॉन टिपावा, दुसऱ्याने विखुरलेला किरण. आणि दोघांच्या खुणा सरकत्या छायाचित्रण-फितीवर शेजारीशेजारी उमटाव्यात. फितीमागून फिती वाचून काढल्यावर १९२५ साली निकाल लागला. निव्वळ योगायोगाने जुळाव्यात त्याहून कितीतरी अधिक वेळा खुणा जुळत होत्या. जमाखर्च रोजच्या रोज चोख होता. बोर यांनी आपली कल्पना मोकळेपणाने मागे घेतली.

दोन गणित्रांची साक्ष एकदम मिळाली तरच घटना खरी मानावयाची, ही झाली संपात-पद्धती. १९२९ मध्ये कोल्हर्स्टर यांच्या साहाय्याने बोटे यांनी ती विश्वकिरणांना लावली. एकावर एक ठेवलेल्या दोन गणित्रांमध्ये सुमारे ४ सेंटिमीटर जाडीचे सोने घातले, तरी बहुतेक संपात टिकून राहिले. तेव्हा आकाशातून येणाऱ्या ह्या प्रारणात सोने भेदून जाणारे विद्युत्भारित कण आहेत, हे उघड झाले.

ह्यानंतरची हकीकत मात्र चटका लावणारी आहे. १९३० साली बोटे आणि हर्बर्ट बेकर यांनी बेरिलियमवर पोलोनियमच्या आल्फा कणांचा मारा केला, तेव्हा अतिशय भेदक असे प्रारण बाहेर पडले. बोटे यांनी ते गॅमा किरण मानले. गॅमा किरण त्यात होतेही. परंतु त्यांच्या सोबतीने आणखी काही निघत होते. १९३२ च्या आरंभी पॅरिसमध्ये जोलिओ-क्यूरी दांपत्याला दिसले की, हे प्रारण मेणासारख्या पॅराफिनमधून प्रोटॉन वेगाने उडविते. मग केंब्रिजला चॅडविक यांनी युक्तिवाद केला, की हे गॅमा किरणच मानावयाचे तर ऊर्जेच्या अक्षय्यतेवर पाणी सोडावे लागेल. विद्युत्भार नसलेला, प्रोटॉनच्या जोडीचा कण मानला तर सारे जुळते. न्यूट्रॉन सापडला तो असा. ज्या नियमाची ग्वाही बोटे यांनी सात वर्षांपूर्वी दिली होती, त्याच नियमाच्या बळावर त्यांच्या हातातला शोध दुसऱ्याकडे गेला.

त्याच वर्षी त्यांची हायडेलबर्ग विद्यापीठात नेमणूक झाली. ‘जर्मन पदार्थविज्ञाना’चा झेंडा मिरविणारे लेनार्ड यांची ती जागा. नाझी सत्तेवर येताच लेनार्ड यांच्या अनुयायांनी बोटे यांचे जिणे नकोसे केले, आणि प्रकृती खालावलेल्या ह्या माणसाने विद्यापीठ सोडून १९३४ मध्ये त्याच शहरातील कायझर विल्हेल्म वैद्यकीय संस्थेच्या भौतिकी विभागाचा आश्रय घेतला.

पुढे युद्धकाळात जर्मन अणुसंशोधनात ते सहभागी झाले, हे नाकारता येत नाही. १९४१ च्या आरंभी त्यांनी ग्रॅफाइट न्यूट्रॉन किती शोषून घेतो हे मोजले. शोषण फार आढळले, सबब अणुभट्टीत न्यूट्रॉन मंद करण्यास ग्रॅफाइट निरुपयोगी ठरला आणि जर्मनांनी नॉर्वेच्या जड पाण्यावर भिस्त ठेवली. ग्रॅफाइटात बोरॉनची अशुद्धी लपलेली असावी, हे हानले यांनी लवकरच दाखविले. पण शुद्ध ग्रॅफाइटाचा खर्च सैन्याच्या अधिकाऱ्यांना परवडणारा वाटला नाही. तिकडे शिकागोत फेर्मी यांनी २ डिसेंबर १९४२ रोजी शुद्ध ग्रॅफाइटाचीच भट्टी पेटविली. जर्मन अपयशाचे सारे खापर पुढे पुष्कळांनी बोटे यांच्या माथी फोडले. ते न्याय्य नव्हे. त्यांचे माप त्या नमुन्यापुरते होते. निर्णय दुसऱ्यांनी घेतला.

१९४५ च्या मार्चअखेर अमेरिकन सेनेबरोबर हायडेलबर्गला आलेले गाउडस्मिट हे बोटे यांचे जुने परिचित. बोटे यांनी त्यांना प्रयोगशाळा हौसेने दाखविली. लष्करी कामाविषयी मात्र, युद्ध संपलेले नाही, असे म्हणून ओठ मिटले. गुप्त कागद त्यांनी आधीच जाळले होते.

प्रयोगशाळेत करडे असलेले बोटे घरी पियानो वाजवीत आणि तैलचित्रे रंगवीत. १९५४ चे नोबेल पारितोषिक त्यांना माक्स बोर्न यांच्यासमवेत विभागून मिळाले. हेच बोर्न १९३५-३६ मध्ये रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूरला येऊन राहिले होते. बोटे आजारामुळे स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी हायडेलबर्ग येथे ते निवर्तले. पारितोषिकानिमित्त लिहून दिलेल्या व्याख्यानात त्यांनी गायगर यांच्याबरोबरचे दिवस आठवले आहेत. फिती इतक्या लागत, की वाळत घातलेल्या त्या लांबच लांब पट्ट्यांमुळे प्रयोगशाळा कधी कधी कपडे धुण्याच्या कारखान्यासारखी दिसे!