जुनी फायबर बोट: आधी ठोकून पाहा

तलावात चालणाऱ्या फायबरच्या जुन्या मोटरबोटीबद्दल आज बोलू.

फायबर सडत नाही. सडतं ते आतलं प्लायवूड. म्हणून इंजिन जिथे टांगतात, ती मागची फळी लहान हातोडीनं ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आला, तर आत पाणी मुरलंय असं समजा. मग वरून रंग फासणं म्हणजे निव्वळ पैसे पाण्यात. सडकं लाकूड काढा, बोट पुरती वाळू द्या. तडा असेल तर कडा उतरत्या घासा, जाडीच्या साधारण 12 पट रुंद. त्यावर फायबरची मॅट आणि रेझिनचे थर चढवा. आपल्याकडच्या मे महिन्यात रेझिन डब्यातच घट्ट होऊ लागतं. तेव्हा काम सकाळीच उरका, थोडं थोडंच कालवा. घासताना मास्क हवाच.

नवं फोर-स्ट्रोक इंजिन धूर कमी करतं, पण जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा सहसा जड असतं. फळी ते पेलेल का, हे इंजिन विकणाऱ्याला नव्हे, बोट बांधणाऱ्या कारागिराला विचारा.